पूजेआधीचं डांबर

भाद्रपद सरत आला की कोलकात्याच्या हवेत दोन वास एकदम येतात. एक शिउलीचा, म्हणजे आपल्या प्राजक्ताचा. दुसरा तापलेल्या डांबराचा. पावसाने उखडलेले रस्ते दुर्गापूजेच्या आत काळेभोर करून टाकायची सगळ्या शहराला एकदम घाई सुटते. आज सकाळी सॉल्ट लेकच्या ऑफिसला जाताना ऑटो चौकात अडकला. पुढे रोलर मागेपुढे करत होता, कढईतून धूर येत होता, आणि ऑटोवाला वैतागण्याऐवजी आनंदाने म्हणाला, "पूजा आली, दिदी!" शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला. मी मात्र तो वास छातीभर घेतला. या वासात माझी वीस-बावीस वर्षं गेली आहेत. मी रस्त्यांची इंजिनिअर आहे.

हा वास आला की मला डमडमची ती गल्ली आठवते, आणि माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षाचा शरद.

कोलकात्याला बदली झाली तेव्हा माझी मुलगी इरा दहा वर्षांची होती. तिचे बाबा पुण्यात थांबले, कारण त्यांच्या आईवडिलांना एकटं सोडणं शक्य नव्हतं. आम्ही दोघी डमडमला एका जुन्या कॉलनीत पहिल्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. कॉलनी म्हणजे एक सरळ गल्ली, दोन्ही बाजूंना बुटकी दुमजली घरं, आणि गल्ली संपायची तिथे मागे एक पडीक मैदान. गल्लीतला रस्ता कॉलनीच्या मालकीचा होता, त्यामुळे त्याचं काय करायचं ते कॉलनीनेच ठरवायचं. ठरवायचे ते तपनदा. कॉलनीचे सेक्रेटरी तेच आणि पूजेचे सर्वेसर्वाही तेच. साठीला आलेला उंच, कायम घाईत असलेला माणूस. तरुणपणापासून दरवर्षी त्यांनीच गल्लीच्या मधोमध मंडप उभा केला होता.

आमच्या खाली, तळमजल्यावर, अनिमा सान्याल राहायच्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सगळे त्यांना मासीमा, म्हणजे मावशी, म्हणायचे. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून नकाशे काढले होते, अगदी तपनदांनीसुद्धा. इरा मात्र त्यांना दीदा, म्हणजे आजी, म्हणायची आणि शाळेतून आली की दप्तर टाकून खाली पळायची. तिची बंगाली त्यांच्याकडेच झाली, आणि तिची मराठी बिघडली तीही तिथेच.

पहिल्या वर्षी, आम्ही येऊन जेमतेम तीन महिने झाले असतील, तपनदांनी खालूनच हाक मारली.

"माधुरीदी, तुम्ही तर रस्त्यांच्या इंजिनिअर! जरा सांगा, आमच्या रस्त्याचं काय करू? नवा थर देऊ की खोदून नव्याने करू?"

मी गॅलरीत चहाचा कप घेऊन उभी होते. वरून पाहिलं. भेगा होत्या, दोन-तीन खड्डे होते. नव्या ठिकाणी कुणीतरी आपला सल्ला विचारतंय याचं मला बरं वाटलं होतं.

"दोन इंचांचा थर द्या," मी म्हणाले. "दोन दिवसांत होईल. पूजा छान पार पडेल."

दोन दिवसांत झालंही. रस्ता असा गुळगुळीत झाला की इरा संध्याकाळभर सायकलवरून खाली उतरेना. पूजेला बायकांनी त्या काळ्या रस्त्यावर पांढरी आल्पना, म्हणजे इथली रांगोळी, काढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जो तो मला थांबवून रस्त्याचं कौतुक सांगायचा, जणू तो मीच अंथरला होता. एक गोष्ट मी तेव्हा पाहिली होती आणि तरी माझ्या लक्षात आली नव्हती. काम चालू असताना मासीमा दारात उभ्या होत्या, आणि एक मजूर त्यांच्या उंबऱ्यावर आलेलं डांबर फावड्याने खरवडून बाजूला करत होता. रस्त्याचं डांबर घराच्या उंबऱ्यावर कसं आलं, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

तपनदांनी विचारला तो प्रश्न माझ्या टेबलावर नेहमीचाच असतो. झिजलेल्या रस्त्यावर वरून थर द्यायचा, की सगळं उकरून पायापासून बांधायचं? थर स्वस्त पडतो, लवकर होतो, लोकांचे हाल होत नाहीत. आणि पाया धड असेल तर तोच शहाणपणाचा असतो. चांगला पाया उगाच उकरणारा इंजिनिअर मला मुळीच आवडत नाही. पण पाया कुजला असेल तर वरचा थर म्हणजे ओल्या भिंतीला दिलेला रंग. खालच्या भेगा वर्षभरात वाट काढत वर येतात. वरून मात्र दोन्ही रस्ते सारखेच दिसतात. खाली काय आहे ते कळण्यासाठी एक छोटा खड्डा खणून बघावं लागतं. हे मी कितीतरी नव्या पोरापोरींना शिकवलं होतं, आणि स्वतःच्या दारातल्या रस्त्याला मात्र चहाच्या कपावरून निकाल देऊन टाकला होता.

पुढच्या श्रावणात एका दुपारी ऑफिसात इराचा फोन आला.

"आई, दीदाच्या घरात पानी ढुकलंय. तू ये."

'ढुकलंय' म्हणजे शिरलंय. बंगाली क्रियापदाला मराठी शेपूट लावून ती बोलायची, त्याचं एरवी मला हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही. गल्लीच्या तोंडाशी ऑटोवाल्याने उतरवलं. गुडघाभर पाणी होतं. रस्त्यावरचं पाणी आता रस्त्यावर थांबत नव्हतं, दोन्ही बाजूंच्या घरांत उतरत होतं, आणि सगळ्यात जास्त मासीमांकडे, कारण त्यांचं घर सगळ्यात जुनं, म्हणून सगळ्यात खाली.

मासीमा पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. इरा पाण्यात उभी राहून पुस्तकं टेबलावर रचत होती. कोपऱ्यात शाळेने मोडीत काढलेले भिंतीवरचे मोठे नकाशे गुंडाळी करून उभे होते, कापडावर चिकटवलेले. मासीमांनी ते हौसेने घरी आणले होते. मी एक उचलला तर हातात जड लागला. पाणी कापडातून वर चढत होतं. तळाचा बर्फाळ खंड केव्हाच बुडाला होता, दक्षिण अमेरिकेची शेपटी विरघळून निळ्यात मिसळली होती. मासीमा बघत होत्या. रडल्या नाहीत. मी नकाशे गॅलरीत नेऊन वाळत घालायचं काहीतरी बोलले. त्यांनी मान हलवली, आणि मग वर्गात एखाद्या मुलीला विचारावं तशा शांतपणे विचारलं,

"माधुरी, पाणी तर खालीच वाहतं. मग तुम्ही लोक दर वेळी रस्ता वर का नेता?"

मी दुसरा नकाशा उचलला. उत्तर होतं, पण ते त्या खोलीत, त्या पाण्यात उभं राहून देण्यासारखं नव्हतं.

नंतर कळलं, या घराला तीन पायऱ्या होत्या. नवरा-बायको राहायला आले तेव्हा मासीमा तीन पायऱ्या चढून घरात गेल्या होत्या. दर काही वर्षांनी रस्त्यावर एक थर चढत गेला. आधी खालची पायरी गेली, मग मधली. शेवटची गेली ती मी सुचवलेल्या थराखाली.

पाणी ओसरल्यावर मासीमांनी दारात विटांचा गुडघाभर उंच बांध घालून घेतला. कोलकात्यात तळमजल्यावरचे पुष्कळ लोक तेच करतात. मला वाटलं, चला, तात्पुरती सोय झाली. मी ऑफिसात गुंतले. महाराष्ट्र मंडळाचा गणपती आला आणि गेला. इराने आरतीला झांजा वाजवल्या, मोदक खाल्ले. आणि गणपती गेल्यावर आठवड्याभरात आकाश निळंशार झालं, विमानतळाकडच्या मोकळ्या जागांत काशफुलं, म्हणजे उंच गवताचे पांढरे तुरे, डोलायला लागली. मराठी माणसाला इथे ही एक चैन आहे: आपला सण संपल्याची हुरहुर लागेपर्यंत यांचा सुरू होतो.

आणि तपनदांनी पुन्हा खालून हाक मारली. "माधुरीदी, भेगा परत आल्यात हो. एक थर देऊन टाकू ना?"

या वेळी मी खाली उतरले. चप्पल काढून रस्त्यावर अनवाणी चालले. मासीमांच्या दारासमोर रस्ता पायाखाली किंचित दबत होता. भेगांची जाळी मगरीच्या पाठीसारखी दिसत होती, आणि भेगांच्या कडांना करडा चिखल वाळून बसला होता. वरून गाडी गेली की खालचा चिखल पिचकारीसारखा वर येतो, त्याची ती खूण.

"तपनदा, आधी एक खड्डा खणू. दोन हात लांब, दोन हात रुंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मजुरांनी खणला. अख्खी गल्ली जमली. डांबराचे थर एकावर एक निघाले, मी बोट ठेवून मोजले, सहा. प्रत्येक थराचा काळा वेगळा. एका थरात कुठल्यातरी पूजेच्या मंडपाची खिळे मारलेली फळी तशीच दबून राहिली होती. सहाव्याखाली विटांच्या तुकड्यांचा पाया असायला हवा होता. मजुराने हात घातला आणि लाल चिखल वर काढला. मी तो मुठीत दाबला तर मनगटावरून पाणी ओघळलं. बाजूचं गटार कधीकाळी उघडं होतं, तेही थरांखाली गाडलं गेलं होतं. पाण्याला जायला वाटच नव्हती.

त्या संध्याकाळी कॉलनीची बैठक झाली. मी सांगितलं, सगळे थर काढावे लागतील, पाया नवा, गटार मोकळं, आणि रस्ता पूर्वी होता त्याहूनही थोडा खाली. पाच आठवडे लागतील.

पाच आठवडे म्हटल्यावर लोक बोटांवर दिवस मोजायला लागले. पूजेला तीन आठवडे होते. खोदलेल्या गल्लीत मंडप उभा राहत नाही.

तपनदा उठून उभे राहिले.  "गेल्या वर्षी तुम्हीच म्हणालात थर द्या. आता म्हणता खोदा. वर्षभरात रस्ता बदलला की तुम्ही?"

"रस्ता तोच आहे," मी म्हणाले. "गेल्या वर्षी मी तो बघितला नव्हता. वरून बोलले. माझी चूक झाली, तपनदा. मासीमांच्या घरात पाणी शिरलं ते माझ्यामुळे."

मी सरकारी नोकरीत आहे. तिथे चूक कागदावर अशी मांडायला शिकतो आपण की ती कुणाचीच राहत नाही. लोकांसमोर उभं राहून असं बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ होती. 

कुणी काही बोलायच्या आत इरा उठली. तिने मासीमांची चिठ्ठी आणली होती. तपनदांनी ती वाचली. मासीमांनी लिहिलं होतं की माझ्या दोन खोल्यांसाठी गल्लीची पूजा हलवू नका, मी बांध घातला आहे, मला काही त्रास नाही.

"बघा," तपनदा म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता, पण सुटका झाल्यासारखाही वाटला. "मासीमाच म्हणतात."

"पण दीदा बाहेर येतच नाही," इरा म्हणाली. "त्या विटा तिला ओलांडता येत नाहीत. तिचा गुडघा वाकत नाही. पाणी आलं तेव्हापासून ती घरातच आहे. दूधवाला पिशवी आत टाकतो."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मी त्याच घराच्या डोक्यावर राहत होते. रोज त्या दारावरून जात होते. मासीमा खिडकीतून हसायच्या, मी हात हलवायचे. त्या बाहेर दिसल्या नाहीत, हे मला कळलंच नव्हतं. गल्लीत कुणालाच कळलं नव्हतं.

तपनदा बैठक सोडून चालू लागले. रागावून गेले असं सगळ्यांना वाटलं. मी मागोमाग गेले. ते सरळ मासीमांच्या दारापाशी गेले आणि बांधासमोर थांबले. एक पाय पलीकडे टाकला, चौकट धरली, दुसरा ओढून घेतला. एवढा उंच माणूस, त्यांनाही चौकटीचा आधार लागला. आत मासीमा टेबलाशी बसल्या होत्या.

"मासीमा, तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"तू कामात असतोस रे, तपन."

"मी रोज इथून चार वेळा जातो!"

"म्हणूनच," मासीमा म्हणाल्या. "जाणाऱ्याला काय थांबवायचं?"

तपनदा खुर्चीत बसले.  नकाशांचा कोपरा रिकामा होता. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "मागच्या मैदानात मंडप बसेल? जागा लहान आहे. पण बसेल?"

"बसेल," मी म्हणाले. "तिथली जमीन मी उद्या स्वतः बघते. अनवाणी."

ते हसले. त्या संध्याकाळचं ते पहिलं हसू.

दोन दिवसांनी खोदाई सुरू झाली. मासीमांचा बांध फोडला, दारासमोर फळी टाकली आणि त्या फळीवर खुर्ची ठेवून त्या दिवसभर काम बघत बसायच्या. एके दिवशी मला जवळ बोलावून म्हणाल्या, "तुला माहीत आहे का, तुमच्या मराठी घोडेस्वारांच्या भीतीने या शहराने खंदक खणला होता? बागबाजारपासून सुरू केला होता. पुरता खणलाही नाही, तुम्ही आलाच नाहीत. मग तो बुजवून त्यावर रस्ता केला." आणि डोळे मिचकावून पुढे, "आता एक मराठी बाई आलीच, आणि खणतेय!" मजुरांना इराने ते हिंदीत करून सांगितलं तेव्हा फावडी थांबली, इतके ते हसले.

सहा थर निघाले त्या दिवशी दुपारी पायऱ्या दिसल्या. तिन्ही. कधीकाळच्या लाल, आता डांबराने डागळलेल्या, एकीचा कोपरा उडालेला. एका मजुराने कुणी न सांगता रॉकेलचा बोळा घेतला आणि मधली पायरी घासायला बसला. लाल रंग हळूहळू वर आला. मासीमा पुढे वाकून बघत होत्या.  थोड्या वेळाने त्यांनी आतून त्या मजुरासाठी चहा आणि दोन नारळाचे लाडू आणायला इराला पाठवलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मध्येच चार दिवस पाऊस आला. खड्ड्यात तळं झालं. एका घरातल्या पाहुण्यांना सूटकेसा डोक्यावर घेऊन यावं लागलं, आणि त्या घरातल्या बाई माझ्याशी कितीतरी महिने बोलल्या नाहीत. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पूजेला माहेरी येणाऱ्या मुलीला चिखलातून यावं लागणं ही लहान गोष्ट नव्हे. मैदानातला मंडप छोटा झाला, दिव्यांच्या माळा निम्म्याच लागल्या. शेजारच्या गल्लीतले लोक येऊन म्हणायचे, यंदा तुमची पूजा जरा साधीच. तपनदा ऐकून घ्यायचे.

षष्ठीपर्यंत, म्हणजे पूजा सुरू होईपर्यंत, पाया झाला, खडी दाबून झाली, गटार मोकळं झालं. डांबर राहिलं. ते दिवाळीनंतरच पडलं. त्या वर्षी पूजेला गल्लीत आल्पना काढायला काळा रस्ता नव्हता, होती ती करडी, टोचरी खडी.

अष्टमीच्या सकाळी मैदानात अंजलीसाठी, म्हणजे देवीला फुलं वाहण्यासाठी, गर्दी झाली. ढाक, इथला मोठा ढोल, वाजत होता. मी आणि इरा नव्या साड्या नेसून उभ्या होतो, इराची पहिली साडी, दर दोन मिनिटांनी सुटणारी. पुरोहितांनी फुलं वाटायला सांगितली. तपनदांनी टोपली हातात घेतली आणि थांबले. ते गल्लीच्या दिशेने बघत होते.

मासीमा दारात आल्या होत्या. बारीक काठाची पांढरी साडी, हातात काठी. त्यांनी एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला. मग दुसरा त्याच पायरीवर. मग थांबल्या. इरा धावत सुटली, साडी एका मुठीत गोळा करून.

"उशीर होतोय," पुरोहित म्हणाले.

"होऊ द्या," तपनदा म्हणाले. "मंत्र थांबवा जरा."

ढाकवाल्याने काठ्या काखेत धरल्या.  तीन पायऱ्या, मग खडी. मासीमांच्या चपलेखाली खडीचा आवाज येत होता, करकर, करकर, मध्ये बराच वेळ शांत, पुन्हा करकर. इरा त्यांच्या डाव्या हाताला होती, आणि पाहुण्यांच्या हालांवरून माझ्यावर रागावलेल्या त्या बाई आपल्या घरातून निघून उजव्या हाताला येऊन चालू लागल्या होत्या. कुणी घाई केली नाही. त्या पोचल्या तेव्हा तपनदांनी पहिलं फूल त्यांच्या ओंजळीत ठेवलं आणि मगच टोपली पुढे सरकवली.

अंजली झाली, भोगाचं जेवण झालं. लोक पांगले. मासीमांना कुणीतरी सावलीत खुर्ची दिली होती. दुपारी उशिरा मी इराला पाठवलं, दीदा दमली असेल, घरी घेऊन ये म्हणून. इरा एकटीच परत आली.

"येत नाही म्हणते."

"का गं?"

"म्हणते, तू जा. मला अजून पुष्कळ जणांना भेटायचंय."

मी गॅलरीच्या त्या टोकाला गेले, जिथून मैदान दिसतं. खुर्चीभोवती चार-पाच मोठी माणसं मातीत बसली होती, शाळेतल्या मुलांसारखी मांडी घालून, आणि मासीमा काठीच्या टोकाने जमिनीवर त्यांना काहीतरी काढून दाखवत होत्या.